अंधाराचं वेळापत्रक

वीज कमी पडते ती उन्हाळ्यात, असं शहरातल्या माणसाला वाटतं. त्याचा पंखा, कूलर, एसी उन्हाळ्यात चालतो, म्हणून. खेड्यातल्या माणसाला विचारा. पाऊस सरला, रब्बीची पेरणी झाली की विहिरीवरच्या मोटारी सुरू होतात. गव्हाला पाणी, हरभऱ्याला पाणी, कांद्याला पाणी, उसाला तर बारमाही. त्यात दिवस लवकर मावळतो, सहाला दिवे लागतात आणि पहाटे अंघोळीच्या पाण्याला हीटर, गिझर लागतात. थंडीचे महिने आपल्याकडं विजेच्या ओढाताणीचेच असतात.

सध्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रोज संध्याकाळी एकच मेसेज फिरतोय, "लाइट कधी येणार?" आणि त्याखाली तीस जणांचे तीस अंदाज. म्हणून आज जरा इतिहास लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टंचाईत घर तगतं की मोडतं, हे घरात किती मेणबत्त्या आहेत यापेक्षा त्या घराला आधी काय सांगितलं गेलं यावर जास्त ठरतं. लाइट दोन ते सहा जाणार हे माहीत असेल तर आपली आई-बहीण-बायको त्या चार तासांची सोय लावते. माहीत नसेल तर तेच चार तास सगळं घर दाराशी उभं राहून खांबाकडं बघत काढतं. ही गोष्ट आपल्याकडं घडली, परदेशात घडली, आणि आजही घडते आहे.

आधी आपल्या घरचं सांगतो.

११ डिसेंबर १९६७. ऐन थंडीतली पहाट. कोयनानगरला भूकंप झाला. शेकडो घरं पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्या वेळी कोयनेचं वीज केंद्र म्हणजे महाराष्ट्राच्या विजेचा कणा होता. केंद्राचे संच बंद पडले आणि त्याची झळ पार मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांपर्यंत गेली. या संकटाला कसलंच वेळापत्रक नव्हतं, असूही शकत नव्हतं. निसर्ग नोटीस देत नाही.

पण तेव्हा खेड्यातल्या बहुतेक घरांत वीजच नव्हती. ज्यांच्याकडं होती त्यांच्याही देवळीत चिमणी होती, खुंटीला कंदील होता. पाणी आडाचं, दळण जात्यावरचं, चटणी पाट्यावरची. वीज गेली तर उजेड गेला, एवढंच. पुढच्या चाळीस वर्षांत आपण पाणी विजेवर नेलं, दळण विजेवर नेलं, शेती विजेवर नेली, शेवटी बोलणंसुद्धा विजेवर नेलं. आता वीज जाते तेव्हा बरोबर काय काय जातं, त्याचा हिशोब करून बघा.

मग आला १९७२चा दुष्काळ. रोजगार हमीची कामं, खडी फोडणारी माणसं, सुकडी आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी. हे सगळं आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्याच्या पाठोपाठ १९७३च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. त्याचा चटका आपल्या घरात कुठून आला? रॉकेलच्या डब्यातून. स्वयंपाक स्टोव्हवर आणि उजेड कंदिलाचा, दोन्हीला रॉकेलच.

त्याच काळात मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समितीनं मोर्चे काढले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायांनी हजारो गृहिणींना लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आणलं. लाटणं मोर्चा म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या बायका काय मागत होत्या? तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळावं हे तर होतंच. पण माल आहे की नाही, आहे तर कुठं अडलाय, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. कारण टंचाईत दुकानदार "माल नाही" म्हणतो तेव्हा खरंच माल नसतो की भाव चढायची वाट बघत गोदामात पडलेला असतो, हे ग्राहकाला कळत नाही. माहितीचा अंधार पडला की साठेबाजाची दिवाळी असते.

घरंसुद्धा तेच करतात. "रॉकेल पुढच्या आठवड्यात येणार की पुढच्या महिन्यात" हे कळेना, मग ज्याला जमेल तो दोन डबे जास्त भरून ठेवी. त्यामुळं ज्याच्याकडं पैसा नाही त्याच्या वाट्याचं आणखी कमी होई. रेशन दुकानापुढं रात्रीच कॅन आणि डबे रांगेत लागायचे. ज्यांच्याकडं जादा डबा नाही ते आपल्या नंबराला दगड ठेवायचे. हे चित्र १९७२पुरतं नाही. निळं रॉकेल रेशनवर मिळत होतं तोपर्यंत, म्हणजे अगदी आपल्या कॉलेजच्या दिवसांतही, ते दिसत होतं. "रॉकेल आलं" ही आरोळी गल्लीत आली की बाया चुलीवरचं खाली ठेवून धावायच्या. तारीख फळ्यावर लिहिलेली असती तर ती धावाधाव निम्मी झाली असती.

आता जरा बाहेर बघू. त्याच चार-पाच वर्षांत ब्रिटनमध्येही हिवाळ्यातच वीज जात होती, आणि तीही वेगवेगळ्या तऱ्हेनं. त्यातून आपल्याला शिकण्यासारखं आहे.

डिसेंबर १९७०मध्ये तिथल्या वीज कामगारांनी नियमावर बोट ठेवून काम करायचं आंदोलन केलं. कडाक्याची थंडी, आणि वीज जायची. लोकांनी मेणबत्त्यांवर झडप घातली, दुकानं रिकामी झाली. मग जानेवारी १९७२मध्ये कोळसा खाण कामगार संपावर गेले. फेब्रुवारीत पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण वीज केंद्रांत कोळसाच पोचेना. घराघरांत दिवसाला काही काही तास, एका टप्प्यावर नऊ तासांपर्यंत वीज बंद ठेवावी लागली. पण या वेळी भागांचे गट पाडले होते. कोणत्या गटाची वीज कोणत्या वेळी जाण्याची शक्यता जास्त, याचे तक्ते वर्तमानपत्रांत छापून येत. गृहिणी तो तक्ता बघून स्वयंपाकाची वेळ ठरवत, पोरांच्या अंघोळी उरकून घेत. थंडी तीच होती, अंधारही होताच, पण कामाला वेळ सापडत होती.

दोन वर्षांनी तेलाच्या भडक्यात खाण कामगारांनी जादा काम बंद केलं, तेव्हा हीथ सरकारनं कारखान्यांसाठी 'तीन दिवसांचा आठवडा' लावला. १ जानेवारी १९७४ पासून बहुतेक कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज. कुणाला सोमवार ते बुधवार, कुणाला गुरुवार ते शनिवार. रात्री साडेदहाला टीव्ही बंद. आणि झालं काय? दिवस जवळपास निम्मे झाले तरी उत्पादन त्या प्रमाणात पडलं नाही. आपले तीन दिवस कोणते, हे पक्कं माहीत असल्यानं मालक-कामगारांनी त्या तीन दिवसांत काम बसवलं.

याच काळातला एक किस्सा. पॅट्रिक जेन्किन नावाच्या ऊर्जा खात्याच्या मंत्र्यांनी जनतेला सल्ला दिला की दात अंधारातही घासता येतात. नंतर त्यांच्याच घरातले दिवे जळताना पत्रकारांनी टिपले. देशभर टिंगल झाली. फेब्रुवारीअखेर निवडणूक झाली, आणि देश कोण चालवतं हा प्रश्न घेऊन मतदारांपुढं गेलेल्या हीथ यांची सत्ता गेली. त्याला कारणं अनेक होती. पण एक धडा आपल्याकडच्या पुढाऱ्यांनीही घेण्यासारखा आहे. लोक अंधार सोसतात. मात्र तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतोय का, यावर त्यांची नजर असते.

आता आपल्या लोडशेडिंगकडं येतो. सरकारी शब्द 'भारनियमन'. पण तो शब्द फक्त आम्ही बातमीत वापरायचो. लोक लोडशेडिंगच म्हणत. आमच्याकडं तर एक म्हणणंच पडलं होतं, "लाइट गेली न्हाई, नेली." वाऱ्यानं तार तुटली तर लाइट गेली. लोडशेडिंग म्हणजे लाइट नेली.

पार्श्वभूमी थोडक्यात. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प १९९९मध्ये ७४० मेगावॅटवर सुरू झाला आणि महागड्या विजेच्या वादात २००१मध्ये बंद पडला. पुढची काही वर्षं मागणी वाढत गेली आणि त्या मानानं नवी वीज आली नाही. जून २००५मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण या कंपन्या झाल्या. ऐन त्याच वर्षांत तुटवडा वाढत जाऊन ४,००० ते ५,००० मेगावॅटच्या घरात गेला. खेड्यापाड्यांत बारा बारा तास लाइट नसायची, कुठं त्याहून जास्त.

मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकता बातमीदारीत पडलो होतो. एका जिल्हा दैनिकाचं तालुक्याचं काम बघायचो. तुम्हाला सांगतो, त्या काळात आमच्या पानावर सगळ्यात जास्त वाचली जाणारी गोष्ट म्हणजे अग्रलेख नव्हे, पुढाऱ्याचं भाषण नव्हे, राशिभविष्यसुद्धा नव्हे. भारनियमनाचं वेळापत्रक. ती चौकट कापून लोक भिंतीला चिकटवायचे. पिठाच्या गिरणीत, सलूनमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सगळीकडं तोच कागद.

त्या कागदाभोवती घरं कशी बसली होती, आठवतंय का? आपल्यापैकी निम्म्या लोकांना आठवत असेल.

दळणाचे डबे आदल्या रात्रीच गिरणीत जायचे. गिरणीवाला लाइट आली की रात्री अकरालाही पट्टा चढवायचा, सकाळी डबा घरपोच. नळाला पाणी येण्याची वेळ आणि लाइट जाण्याची वेळ एकच आली तर टाकीत पाणी चढायचं नाही, मग पिंप, हंडे, कळश्या, बादल्या आदल्या दिवशी भरून ठेवायच्या. चटणी-वाटण सकाळीच मिक्सरमधून काढून ठेवायचं. राहिलंच तर कोपऱ्यात उभा केलेला पाटा-वरवंटा परत आडवा व्हायचा. कंदिलाची काच दुपारीच राखेनं पुसून, वात सरळ कापून ठेवलेली. चार्जिंगची बॅटरी लाइट असताना न विसरता लावायची, हे घरातल्या शाळकरी पोराचं काम. दहावी-बारावीची पोरं वेळापत्रक बघून झोपायची आणि उठायची. संध्याकाळी लाइट नाही तर साडेआठलाच झोपा आणि पहाटे तीनला उठून अभ्यास. थंडीत गोधडी अंगावर घेऊन, समोर दिवा, शेजारी आई चहा करून देणारी. या पोरांतली कितीतरी पुढं इंजिनिअर झाली.

वेल्डिंगवाले, सुतार, रसवंतीवाले, झेरॉक्सवाले यांनी कामाच्या वेळा फिरवल्या. ज्यांना जमलं त्यांनी इन्व्हर्टर घेतला. ज्यांना त्याहून जास्त जमलं त्यांनी जनरेटर. बाजारपेठेत संध्याकाळी जनरेटरचा घरघराट आणि धूर, त्यात भाव करणारी माणसं, हा त्या वर्षांचा आवाज आहे.

हे सगळं मी गोडवे गायला लिहीत नाही. ते हाल होते. आणि ते हाल सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाहीत. हाच मुद्दा महत्त्वाचा आहे.

मुंबईच्या बहुतेक भागात हे लोडशेडिंग नव्हतं. पुण्यात २००६मध्ये उद्योगांनी आपापली वीज तयार करून भार कमी करायचा आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा उचलायचा, अशी सोय लागली. बाकी महाराष्ट्राचे वीज नियामक आयोगाच्या आदेशानं गट पडले. जिथं गळती कमी आणि वसुली चांगली, तो वरचा गट, त्याला कमी अंधार. जिथं आकडे जास्त, थकबाकी जास्त, तो खालचा गट, त्याला जास्त अंधार. कागदावर हे बरोबर दिसतं. पण गट फीडरचा पडायचा, घराचा नाही. म्हणजे शेजारच्यानं आकडा टाकला, आणि दर महिन्याला वेळेवर बिल भरणाऱ्या मास्तरांच्या घरातही तेवढाच अंधार.

मात्र एक गोष्ट झाली. वेळापत्रक छापून येत होतं म्हणून हा अन्याय दिसत होता. जिल्ह्याच्या गावाला किती तास, तालुक्याला किती, खेड्याला किती, हे एकाच चौकटीत शेजारी शेजारी असायचं. लोक बोट ठेवून विचारायचे, "आमच्या फीडरला दोन तास जास्त का?" त्यातून मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, आयोगाच्या सुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधींनी आकडे मांडले. आकडा समोर असला की भांडता येतं. अंदाजाशी कुणी भांडावं?

२००५-०६च्या सुमारास अक्षय प्रकाश योजना आली, ती आजच्या पोरांना माहीत नसेल. गावानं एकत्र येऊन ठरवायचं की संध्याकाळी मागणी सगळ्यात जास्त असते त्या वेळात मोटारी लावायच्या नाहीत, गिरणी बंद ठेवायची, आकडे काढून टाकायचे. त्या बदल्यात गावाला भारनियमनातून सूट. काही गावांनी हे मनापासून पाळलं. पोरांनी रात्री फिरून आकडे काढले, सरपंचांनी भांडणं ओढवून घेतली. हा दोन्ही बाजूंचा शब्द होता. गावानं आपला पाळायचा, कंपनीनं आपला. पुढं अनेक ठिकाणी गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झाला, तेव्हा शेतीची वीज बंद असतानाही घरातला दिवा चालू राहायला लागला. हळूहळू नवी केंद्रं आली आणि २०१२च्या अखेरीपर्यंत राज्य भारनियमनमुक्त करू अशी घोषणा झाली, तीही जादा गळतीचे फीडर वगळून.

लोडशेडिंग संपलं, असं आपण धरून चाललो. देवळीतली चिमणी गेली, कंदील शोभेला टांगला, रेशनचं रॉकेलही गेलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं होतं, हे कुणाला आठवत नाही. एप्रिल २०२२मध्ये कोळशाच्या टंचाईनं भारनियमन काही दिवस परत आलं, तेव्हा घरांची तयारी २००६पेक्षा कमी होती हे मी बातम्या करताना बघितलं.

आणि शेतकऱ्यासाठी तर ते कधी पूर्ण संपलंच नाही. शेतीपंपाला दिवसाचे आठ-दहा तास वीज, त्यातही आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री बाराला उठून, डोक्याला मफलर बांधून, हातात बॅटरी घेऊन गव्हाला बारं द्यायला जाणारा माणूस तुमच्या-माझ्या घरातला आहे. पायाखाली साप, उसात बिबट्या. जुन्नरपासून नगर-नाशिकपर्यंत बिबट्याच्या बातम्या थंडीत का वाढतात, ते ऊसतोडीसोबत या रात्रपाळीशीही जोडून बघा. रात्री तो गेलाय आणि लाइट आलीच नाही, तर तो विहिरीवर शेकोटी करून बसतो. कधी येणार माहीत नाही, म्हणून घरीही येता येत नाही. मग काहीजण मोटारीला ऑटो स्विच लावतात. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, रोहित्रावर भार पडतो, रोहित्र जळतं आणि पुढचे आठ दिवस सगळ्यांचंच पाणी बंद. हे नुकसानही अनिश्चितपणातूनच येतं. दिवसा वीज देण्यासाठी २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथं ती पोचली तिथले शेतकरी रात्री झोपतात. जिथं पोचायची आहे तिथं अजून बॅटरी आणि मफलर.

आता जगातली ताजी दोन उदाहरणं देतो.

दक्षिण आफ्रिकेत २००८च्या सुमारास लोडशेडिंग सुरू झालं, शब्दही हाच. तिथं त्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे साधारण १,००० मेगावॅटची कपात, दुसरी म्हणजे २,०००ची, असं वर चढत जातं. आज कोणती पायरी आहे हे जाहीर झालं की तुमच्या वस्तीची वीज किती ते किती जाणार हे मोबाइलवर दिसतं. २०२३मध्ये तिथं अतोनात लोडशेडिंग झालं, लोकांनी सरकारला शिव्याही भरपूर घातल्या. पण डायलिसिसच्या पेशंटला, बेकरीवाल्याला, परीक्षेच्या पोराला उद्याचे तास माहीत होते.

दुसरं युक्रेन. ऑक्टोबर २०२२पासून रशियानं त्यांच्या वीज केंद्रांवर आणि उपकेंद्रांवर क्षेपणास्त्रं-ड्रोन टाकायला सुरुवात केली. मुद्दाम हिवाळ्याच्या तोंडावर, जिथं पारा शून्याच्या खाली जातो. तिथल्या कंपन्यांनीही घरांचे गट पाडून तासांचे तक्ते दिले. घरं त्यावर चालली. पाणी भरून ठेवणं, पॉवर बँक, थर्मासमध्ये गरम पाणी, छोटी गॅस शेगडी. बहुमजली इमारतींत लोकांनी लिफ्टमध्ये पाणी आणि खाऊची खोकी ठेवली, कुणी मध्येच अडकलं तर म्हणून. नवा हल्ला झाला की मात्र तक्ता रद्द, मग वीज येईल तेव्हा येईल. लोकांचा धीर सगळ्यात जास्त तेव्हाच खचतो, आणि हल्ला करणाऱ्याला तेच हवं असतं. मग सरकारनं शाळा, कचेऱ्या, तंबूंमधून ऊब, चार्जिंग, चहा आणि नेट मिळेल अशी हजारो ठिकाणं उघडली. घरातली सोय संपली तर कुठं जायचं, हे तरी माणसाला माहीत असावं म्हणून.

युद्धात सापडलेला देश जर तासांचा तक्ता देऊ शकतो, तर शांततेत राहणाऱ्या आपल्या तालुक्याला "काम चालू आहे, येईल थोड्या वेळात" एवढ्यावर का भागवावं लागतं?

आणि हे काही मेहरबानीचं मागणं नाही. केंद्र सरकारनं ३१ डिसेंबर २०२० रोजी विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम काढले. त्यात म्हटलंय की ठरवून वीज बंद ठेवायची असेल तर ग्राहकाला आधी कळवायचं, आणि अचानक बिघाड झाला तर एसएमएसनं किंवा तत्सम मार्गानं लगेच कळवायचं, वीज साधारण कधी येईल त्या वेळेसकट. वीज कायदा २००३मध्ये सेवेची मानकं आणि ती न पाळल्यास भरपाई, हेही आहे. आपण बिल वेळेवर भरावं ही अपेक्षा रास्तच आहे. तसंच वेळ सांगावी ही आपली अपेक्षाही रास्त आहे. लाइनमनवर ओरडू नका. थंडीपावसात खांबावर तोच चढतो, आणि वेळ जाहीर करणं त्याच्या हातात नसतं.

आता घरापुरतं काय करायचं, ते थोडक्यात.

१) आपल्या घराचा फीडर कोणता, हे माहीत करून घ्या. बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते तपासा. कित्येकांचा नंबर आजोबांच्या जुन्या सिमचा आहे, मेसेज जातो तो तिकडं.

२) दोन दिवसांचं प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी कायम भरलेलं असू द्या. लाइटपेक्षा पाण्यावाचून घर लवकर अडतं.

३) इन्व्हर्टर असेल तर थंडीच्या आधी बॅटरीचं पाणी बघा. नसेल तर चांगली चार्जिंगची बॅटरी आणि एक सोलर दिवा कमी पैशांत येतो. मेणबत्ती लावलीत तर पडदा आणि गोधडीपासून लांब, आणि झोपताना विझवून.

४) थंडी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. जनरेटर घरात किंवा ओसरीत लावू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

५) लाइट गेली की फ्रिज, टीव्ही, मोटार यांची बटणं बंद करा. आल्यावर थोडं थांबून एकेक चालू करा. ऑटो स्विच काढा, मोटारीला कॅपॅसिटर बसवा. गल्लीतलं रोहित्र वाचेल.

६) आपल्या गल्लीत ऑक्सिजन मशिनवर कोण आहे, नेब्युलायझर कुणाला लागतो, एकटी म्हातारी माणसं कोण, याची यादी करा. ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी मशिन न्यायची सोय आधीच बोलून ठेवा. हे काम पोरांच्या मंडळांनी एका संध्याकाळी उरकण्यासारखं आहे.

७) किराणा पंधरा दिवसांचा असू द्या, तीन महिन्यांचा नको. सगळ्यांनी तीन महिन्यांचा भरला की टंचाई नसली तरी होते. रॉकेलच्या रांगांनी ते शिकवलंय.

आणि सगळ्यांनी मिळून करायचं एक काम. पुढच्या ग्रामसभेत, नगरपालिकेच्या वॉर्डात असाल तर नगरसेवकाकडं, एक साधी लेखी मागणी द्या. आपल्या फीडरवर ठरवून होणाऱ्या बंदची तारीख आणि वेळ, शेतीच्या विजेचे दिवस आणि रात्रीचे पाळे, हे दर आठवड्याला लेखी मिळावं. ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहावं आणि गावच्या ग्रुपवर टाकावं. अचानक गेली तर अंदाजे वेळ कळवावी. अर्जाची पोच घ्या, तारीख टाकून ठेवा. मिळालेल्या वेळा आणि प्रत्यक्ष लाइट गेल्या-आल्याच्या वेळा, एका वहीत महिनाभर लिहा. अशा वह्या जमल्या की त्याची बातमी मी करीन आणि आकड्यांसकट करीन.

तुमच्या गावात २००५ ते २०१२ या काळातलं भारनियमनाचं वेळापत्रक, जुनं कात्रण किंवा ग्रामपंचायतीची नोटीस कुणाकडं असेल तर फोटो पाठवा. आणि आत्ता तुमच्या फीडरवर शेतीची लाइट रात्री किती ते किती आहे, ते गावाच्या नावासह खाली लिहा. तालुक्याचा तक्ता आपणच तयार करू.